आमचा ड्रमर आणि टँकरची रांग

ड्रमर या जमातीवर माझा फारसा विश्वास नाही. गाणारे रुसतात, गिटारवाले दिसेल त्या आरशात केस बघतात, पण त्यांच्याशी निदान चार शब्द बोलता येतात. ड्रमरशी बोलायला गेलं की तो समोरचं टेबल वाजवायला लागतो. कॉलेजात असताना आणि नंतरही काही वर्षं मी लातूर-नांदेडकडच्या रॉक बँडमधून गायले. हो, आमच्याकडे रॉक बँड होते. पुण्याच्या लोकांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग आमच्याकडच्या पाण्याची चौकशी करतात. नांदेडचा एक ड्रमर होता, तो कार्यक्रमाआधी ड्रमवर लिंबू ठेवायचा आणि पहिल्या ठोक्याला ते कुणाच्या अंगावर उडतं त्यावरून आजचा कार्यक्रम कसा होणार ते सांगायचा. उदगीरच्या एकाला डोळे मिटल्याशिवाय वाजवता यायचं नाही आणि डोळे मिटले की थांबता यायचं नाही. गाणं संपलं की कुणीतरी जाऊन त्याचा खांदा धरायचं. पण ही सगळी किरकोळ मंडळी. खरा ड्रमर आमचा अण्णा.

अण्णा हे त्याचं नाव नव्हे. आमच्या बँडमध्ये तो सगळ्यांत मोठा, म्हणून अण्णा. बी.ए. झालेला, उंच, काटकुळा, आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे. हे बोळे त्याचे कायमचे. दिवसभर लोकांचं बोलणं ऐकून कान मळतात आणि मग संध्याकाळी ताल नीट ऐकू येत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे आमची गल्ली त्याला बहिरा समजायची. भाजीवाली त्याच्याशी खुणांनी बोलायची आणि तोही तिला खुणांनीच उत्तर द्यायचा, कारण तेवढ्यासाठी बोळे कोण काढणार.

त्याला माणसांची नावं आठवायची नाहीत. आवाज आठवायचे. कुणाच्याही घरी गेला की आधी दारावर टकटक, आणि ती आत येण्यासाठी नव्हे, दार कसं वाजतं ते बघण्यासाठी. मग उंबऱ्याला एक टिचकी, कपाटाला एक, पाण्याचा तांब्या हातात दिला तर त्याला एक. माझ्या भावाचं लग्न ठरवायला आम्ही अहमदपूरला गेलो तेव्हा तो बरोबर होता. पोह्यांची ताटली पुढे आल्यावर त्यानं ती रिकामी केली, कानातला बोळा काढला, ताटली नखानं वाजवली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "घर चांगलं हाय. द्या उरकून." माझा भाऊ बाळू आजही सांगतो की त्याचं लग्न एका ताटलीनं जमवलं.

आमचा बँड म्हणजे बाळूची गिटार, गिरणीवाल्या सुधाकरची दुसरी गिटार, माझा गळा आणि अण्णा. सुधाकरच्या वडिलांची डाळमिल होती आणि तिथलं एक गोदाम त्या वर्षी रिकामं पडलेलं, कारण भरडायला तूरच आलेली नव्हती. तिथं आमचा सराव. बाळूच्या मित्रानं हैदराबादहून आणलेल्या दोन-तीन कॅसेटी ऐकून ऐकून आम्हांला रॉक कळलं होतं, म्हणजे जोरात वाजवायचं असतं एवढं कळलं होतं. बँडचं नाव 'द थंडर्स'. दोन वर्षं नीट पाऊस नव्हता, त्यामुळे हे नाव ऐकलं की गल्लीतली माणसं आभाळाकडे बघून मग आमच्याकडे बघायची.

ड्रमसेट विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. गल्लीच्या गणेश मंडळाचा ढोल आडवा ठेवून त्याला अण्णानं पायानं वाजवायची सोय केली. सायकलचं पायडल, एक स्प्रिंग आणि धुणं बडवायची मोगरी. पायडल दाबलं की मोगरी ढोलावर आपटायची. लग्नाच्या बँडवाल्यांनी टाकून दिलेला एक साइड ड्रम, भजनातल्या दोन झांजा, आणि दोरीनं टांगलेली पितळी परात. ती परात त्याच्या आईची. दर अमावस्या-पौर्णिमेला ती परात घरी परत जायची, कारण त्या दिवशी त्याची आई पुरणपोळ्या करायची आणि कणीक तिंबायला तेवढं मोठं दुसरं भांडं घरात नव्हतं. त्या दिवशी आमचं रॉक जरा मऊ वाजायचं.

गाणं सुरू करताना ड्रमर 'वन, टू, थ्री, फोर' म्हणतात हे आम्हांला कॅसेटवरून कळलं होतं. अण्णाला ते पसंत नव्हतं. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. त्याआधी आम्ही उस्मानाबादचे. गावात जिकडेतिकडे भाड्याच्या घरांवर सरकारी पाट्या लागत होत्या, आणि अण्णाचे वडील बांधकाम खात्यात कारकून असल्यामुळे त्यांच्या घरी रात्रंदिवस नवा जिल्हा चालायचा. ते जेवताना तालुक्यांची नावं घ्यायचे आणि अण्णा पाटावर ठेका धरायचा. त्यातून आमची मोजणी निघाली. अण्णा काठ्या हवेत धरायचा आणि ओरडायचा, "औसा, निलंगा, उदगीर, अमदपूर!" शेवटचा तालुका लांबलचक, त्यामुळे आम्ही तिघेही दर गाण्यात उशिरा शिरायचो. बाळूनं एकदा सुचवलं की शेवटी एखादं छोटं गाव घे. अण्णा गंभीरपणे म्हणाला, "मोजनीत जिल्हा पुरा पाह्यजे. न्हाईतर उस्मानाबादला आडकून ऱ्हाशील."

आणि त्याचं ते रिकाम्या भांड्यांचं वेड. भरलेल्या भांड्याला तो भांडंच मानत नव्हता. "भरल्यालं भांडं वाजत न्हाई. ढप् करतं. मेल्यावानी." दुष्काळात सगळं गाव चिंतेत आणि हा एकटा खूश, कारण एवढी रिकामी भांडी त्याला जन्मात एकत्र मिळाली नव्हती. पारूमावशींच्या ओट्यावर बसून एकदा तो म्हणाला, "दुस्काळानं गल्ली कशी सुरात आलीय बगा." पारूमावशी म्हणजे आमच्या गल्लीतलं शेवटचं न्यायालय. गावाकडे शेती, नवरा तिकडे, आणि मुलांच्या शाळेसाठी त्या इथं. त्यांनी हातातला तांब्या त्याच्या दिशेनं फेकला. तो तांब्या दगडावर पडून वाजला तेव्हा अण्णानं बोळा काढून नीट ऐकला, उचलून त्यांना परत दिला आणि म्हणाला, "कल्हई करून घ्या."

आता टँकरचं सांगते, कारण त्यावाचून अण्णा कळायचा नाही.

गल्लीला टँकर यायचा, पण कधी यायचा ते टँकरलाही ठाऊक नसायचं. म्हणून पहाटेच भांड्यांची रांग लागायची. माणसं नव्हे, भांडी उभी असायची. हंडा, घागर, जर्मनचं पातेलं, डालड्याचा डबा, डांबराचं टिपाड, ज्याच्याकडे जे असेल ते. भांडं ठेवलं की तुमचा नंबर लागला, मग खुशाल जाऊन भाकऱ्या थापा. या रांगेला देवळातल्यापेक्षा जास्त मान होता. कुणाचा धक्का लागून एखादी घागर बोटभर सरकली तरी तिची मालकीण बाहेर यायची.

त्या दिवशी पहाटे अण्णा फिरायला निघाला आणि पारूमावशींच्या दारापासून कडुलिंबाच्या झाडापर्यंत लागलेली रांग त्याला दिसली. सगळी रिकामी. आसपास कुणी नाही. त्यानं बोळे काढले आणि पहिल्या भांड्यापासून शेवटच्यापर्यंत एकेकाला टिचकी मारत गेला. ऐकल्यावर त्याला वाटलं, ही भांडी चुकीच्या जागी आहेत. घोगरं टिपाड दोन नाजूक घागरींच्या मधे कशाला? मग तो कामाला लागला. सगळ्यांत जाड आवाज पहिला, सगळ्यांत बारीक शेवटी. मी माझा हंडा बघायला बाहेर आले तेव्हा अख्खी रांग त्यानं सुरात लावली होती आणि तो लिंबाच्या दोन काड्या घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत वाजवत होता. त्याचा चेहरा मी विसरलेले नाही. इतका आनंदी माणूस मी नंतर पाहिला नाही.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला.

दारं उघडली, बायका आल्या, आणि आपलं भांडं आपल्या जागी नाही हे एकदम सगळ्यांना दिसलं. पारूमावशींचा पहिला नंबर होता, त्यांची कळशी गेली होती लिंबाखाली. आमच्या समोरच्या घरातल्या रझियाखालांचा डालड्याचा डबा पार शेवटी, कारण त्याचा आवाज सगळ्यांत बारीक. खाला कंबरेवर हात ठेवून उभ्या. "मेरा डब्बा पाँचवा था. इधर कौन लाया उसको? चलके आया क्या?" जिचं टिपाड मधून उचलून पहिलं लागलं होतं ती मात्र आपण पहिल्यापासून इथंच होतो असं शपथेवर सांगत होती. प्रत्येकीला आपला नंबर आठवत होता आणि शेजारणीचा आठवत नव्हता. अण्णा मधे उभा राहून सांगत होता, "मला पाठ हाय. पयली रांग पाठ हाय मला. ऐका तर," पण जन्मात पहिल्यांदा त्याच्या आजूबाजूला इतका आवाज होता की त्याचा कुणाला ऐकू गेला नाही.

ड्रायव्हरला पुढे आणखी गल्ल्या करायच्या होत्या. त्यानं थोडा वेळ बघितलं, मग म्हणाला, "तुमचं ठरू द्या, मग बलवा," आणि गाडी काढली. पाणी गेलं.

भांडण एकदम थांबलं. अण्णा त्या शांततेत खाली बसला आणि लिंबाच्या काड्यांनी एकेक भांडं वाजवत मूळची रांग सांगू लागला. ही कळशी, मग ही घागर, मग हे टिपाड न्हाई, हे पातेलं. अगदी बरोबर सांगत होता, पण आता उपयोग काय होता.

तेव्हा कोपऱ्यावरचे आबा बोलले. आबा धोतरटोपीतले, गल्लीत वयानं वडील. ते म्हणाले, "नंबरचं ऱ्हाऊ द्या. ह्यानं पान्याच्या भांड्याला हात लावलाच कसा?"

अण्णाच्या घरात पुढच्या खोलीत तथागतांची तसबीर होती. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कुणी कधी बोलत नव्हतं. आबा काय म्हणाले ते प्रत्येकाला कळलं. अण्णानं कानात बोळे घातले. त्याला मी कधी बोळे इतके घाईनं घालताना पाहिलं नव्हतं. मला आबांचा भयंकर राग आला आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना, एवढी मी गाणारी.

बोलल्या त्या पारूमावशी. त्यांचा राग आबांवर होता की गेलेल्या पाण्यावर, हे त्यांचं त्यांना माहीत. "ह्याला समदी रांग पाठ हाय, ऐकलं न्हवं? उद्यापासून रांग ह्योच बगंल. समद्यांच्या भांड्याला हात लावंल. ज्याला चालत न्हाई त्यानं आपलं भांडं घरी ठिवावं." मग अण्णाकडे वळून, बोळे आहेत म्हणून दुप्पट आवाजात, "आन् तू. एक दिवस जरी रांग मोडली तर मंडळाचा ढोल माघारी. मग वाजीव आपलं गुडघं."

ढोल गेला असता तर आमचं सगळंच गेलं असतं. कारण नवा जिल्हा होऊन वर्ष भरत होतं, त्याचा समारंभ आमच्या गल्लीमागच्या शाळेच्या मैदानावर व्हायचा होता, आणि सुधाकरच्या वडिलांच्या ओळखीनं आम्हांला त्यात एक गाणं मिळालं होतं. द थंडर्सचा पहिला जाहीर कार्यक्रम. आणि अण्णापुरता शेवटचा, कारण त्याच्या वडिलांची नांदेडला बदली झाली होती आणि समारंभानंतर आठवड्यात त्यांचं बिऱ्हाड हलणार होतं. तिकडे वडिलांनी त्याच्यासाठी एक नोकरीही बघून ठेवली होती. वडिलांनी त्याला कधी वाजवताना ऐकलं नव्हतं, ऐकायची इच्छाही नव्हती. घरी ते एवढंच म्हणायचे की पोराच्या अंगात काहीतरी ढिलं आहे, ते सारखं खडखडतं. पण समारंभाला खात्यातल्या सगळ्यांना हजर राहायचं होतं, म्हणजे ते येणार होते. अण्णा मला एकदाच म्हणाला, "एक डाव त्यांनी ऐकावं बस. मंग जातो नांदेडला, करतो नोकरी, काय म्हणतील ते."

तर अण्णा रांगेवर बसू लागला. पहिल्या दिवशी नुसता राखण करत बसला. दुसऱ्या दिवशी त्याला कंटाळा आला आणि त्यानं एक पद्धत काढली. टँकर आला की बायकांनी उन्हात येऊन उभं राहायचं नाही. ज्या भांड्याची पाळी, ते भांडं तो काठीनं वाजवणार, आणि जिचं असेल तिनं यायचं. सुरुवातीला सगळ्याच जणी बाहेर यायच्या. पण आपल्या भांड्याचा आवाज कळायला काही फार लागत नाही, जन्मभर ते घासलेलं असतं. थोड्याच दिवसांत असं झालं की ठण्ण झालं की पारूमावशी, टिणटिण झालं की खाला. माझ्या हंड्याला गळ्याशी एक बारीक चीर होती, त्यामुळे तो वाजला की मागून झर्र असा आवाज यायचा. मी अभ्यासाला बसलेली असायची आणि तो झर्र ऐकून उठायची. खाला म्हणायच्या, "ये लडका तो डब्बे को बुलाता, डब्बा मेरे को बुलाता." गल्लीत पाण्यावरून भांडण होईनासं झालं. काहींना त्यानं करमेनासं झालं.

आबांची बादली मात्र रांगेत नव्हती. ते ती हातात घेऊन रांगेच्या बाजूला वेगळे उभे राहायचे आणि शेवटी स्वतः भरून न्यायचे. उन्हात त्यांचे गुडघे दुखायचे हे आम्हांला दिसत होतं. अण्णा त्यांच्याकडे बघायचा नाही. एक दिवस सकाळी बादली रांगेत उभी होती आणि आबा घरात होते. अण्णानं तिची पाळी आल्यावर ती इतर भांड्यांसारखीच वाजवली, ना हळू ना जोरात, आणि आबा येऊन घेऊन गेले.

समारंभाच्या दिवशी पहाटे रांग लागली. टँकर सकाळी आला नाही, दुपारी आला नाही. मग कळलं की टँकर मैदानावर आहे. पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून मैदानावर पाणी मारणं चाललं होतं. पारूमावशी शाळेच्या भिंतीवरून ते बघत उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मातीला तहान लागली व्हय."

संध्याकाळी मात्र सगळी गल्ली मैदानावर आली, आमच्यासाठी. पुढे खुर्च्यांवर कुणी मोठे साहेब आणि खात्यांची मंडळी, त्यांत अण्णाचे वडील, हाताची घडी घालून. मागे सतरंजीवर बायका. भाषणं झाली. मग आम्ही. अण्णा ज्वारीच्या पोत्यावर बसला, कारण खुर्चीवर बसलं की त्याचे लांब गुडघे परातीला अडायचे. बोळे काढून त्यानं खिशात ठेवले. "औसा, निलंगा, उदगीर, अमदपूर!" आणि आम्ही शिरलो, नेहमीप्रमाणे उशिरा.

गाणं बाळूनं लिहिलेलं, उदगीरच्या सुटलेल्या यष्टीवरचं. अण्णा असा वाजवत होता की साहेबांच्या हातातली चहाची बशी हलायला लागली. मी वडिलांकडे बघितलं. हाताची घडी सुटली होती.

एक कडवं झालं आणि भिंतीपलीकडे हॉर्न वाजला.

सतरंजीवर एक लाट उठली. बायका अर्ध्या उठलेल्या, साहेबांमुळे अर्ध्या बसलेल्या. दिवसभर वाट बघून गल्लीत पाणी आलं होतं. सगळ्या एकदम धावल्या असत्या तर रांग मोडली असती आणि ड्रायव्हरनं परत गाडी काढली असती. आणि न धावाव्यात तरी तो निघून जाणारच. हे अण्णाला माझ्या आधी कळलं. त्यानं एकदाच वडिलांकडे बघितलं. मग पोत्यावरून उठला, काठ्या हातातच, आणि मला म्हणाला, "थांबू नगंस. तू गात ऱ्हा. मी तिकडून देतो." आणि स्टेजवरून उडी मारून भिंतीच्या खिंडारातून पळाला.

बाळूचा रंग उडाला. ड्रमरशिवाय बँड म्हणजे काय हे त्या क्षणी कळलं. आम्ही दोन ओळी कशाबशा ओढल्या. आणि मग भिंतीपलीकडून ठेका आला. खोल, भरलेला. अण्णा टँकरच्या टाकीवर वाजवत होता. मागाहून ड्रायव्हरचा आवाज, "आबे टाकी फोडतो का काय," आणि ठेका तसाच चालू. बाळूनं गिटार उचलली, मी सूर पकडला, आणि गाडी रुळावर आली. टाकी रिकामी होत गेली तसा तिचा आवाज मोठा होत गेला. इतका मोठा ड्रम मराठवाड्यात कुणी वाजवला नसेल.

आणि त्या ठेक्यात, मधेच, ठण्ण. सतरंजीवरच्या पारूमावशी उठल्या, पदर खोचला आणि शांतपणे चालत गेल्या. थोड्या वेळानं टिणटिण, आणि खाला उठल्या. एक जाते, दुसरी परत येऊन जागेवर बसते. कुठे गडबड नाही, धक्काबुक्की नाही. साहेब मागे वळून वळून बघत होते. त्यांना वाटलं असावं की ही गाण्याचीच काहीतरी रीत आहे. शेवटी त्यांनी शेजारच्याला विचारलं, तर शेजारी होते आबा, ज्येष्ठ नागरिक म्हणून पुढच्या खुर्चीवर बसवलेले. आबा काही सांगणार तेवढ्यात पलीकडे बादली वाजली. आबा म्हणाले, "माझी बारी आली," काठी टेकत उठले आणि साहेबांच्या समोरून निघून गेले.

मी हे सगळं बघत गात होते. गाणं संपायला आलं, तरी ठेका थांबेना, म्हणून मी पहिलं कडवं परत घेतलं. ते संपवून तिसऱ्यांदा घेतलं. आणि मग झर्र. आईच्या पायाला प्लास्टर होतं, दुसरं कुणी जाणारं नव्हतं. मी माईक बाळूच्या हातात दिला आणि निघाले.

टँकरपाशी अण्णा कोपरापर्यंत भिजला होता आणि माझा हंडा शेवटचा उरला होता. तो म्हणाला, "तुझा मुद्दाम माघं ठिवला, गानं व्हऊ दे म्हनून. तुझं गानं काय सरना." मी हंडा भरून घेतला. वळले तर खिंडारात त्याचे वडील उभे होते. त्यांनी टँकरकडे बघितलं, रिकाम्या झालेल्या रस्त्याकडे बघितलं, पोराच्या ओल्या काठ्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "नांदेडला भिंती जाड असलेलं घर बघावं लागंल." आणि परत खुर्चीवर जाऊन बसले. अण्णानं ते बोळ्यांशिवाय ऐकलं. तो टाकीला टेकून कितीतरी वेळ काहीच न वाजवता उभा राहिला, आणि अण्णा काहीच वाजवत नाही हे मी पहिल्यांदा बघितलं.

तो नांदेडला गेला, नोकरीत लागला, तिथं त्यानं दुसरा बँड काढला. मी लातूरहून जाऊन-येऊन त्यात थोडे दिवस गायले. मोजणी बदलली होती. "देगलूर, बिलोली, हदगाव, किनवट!" मी म्हटलं, ही बरी आहे, शेवट आखूड आहे. तो नाराज होता. "किनवट लई लांब पडतं गं," तो म्हणाला.

माझं लग्न होऊन मीही नांदेडला आले तेव्हा तो घर बघायला आला. केस पिकू लागलेले, कानांत बोळे तसेच. दार वाजवलं, उंबरा वाजवला, माझ्या नवऱ्याशी हात मिळवता मिळवता त्याच्या घड्याळाच्या काचेला टिचकी मारली. मग कुणी बसा म्हणायच्या आत सरळ स्वयंपाकघरात गेला. तिथं कट्ट्यावर माझा जुना हंडा होता, आईनं दिलेला, गळ्याची चीर डाग देऊन बुजवलेला. नळाला पाणी येऊन गेलं होतं, हंडा काठोकाठ भरलेला. अण्णानं दोन्ही बोळे काढून खिशात ठेवले आणि हंड्यावर बोटाची पेरं मारली. ढप्.

त्यानं पुन्हा मारली. ढप्. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, कारण या आवाजाबद्दल तो काय म्हणतो ते मला पाठ होतं.

"ब्येस वाजतंय," अण्णा म्हणाला, आणि त्यातलाच तांब्याभर घेऊन प्यायला.